नील यंगचं युद्धविरोधी गाणं लागलं आणि मित्र उठून गेला

पाचपाखाडीकर

दर महिन्याला एका रविवारी आम्ही पाच-सहा जण ठाण्यात आमच्या घरी जमतो. एकाने आख्खा अल्बम आणायचा, मध्ये कुणी बोलायचं नाही, संपल्यावर मिसळ. यावेळी पाळी माझी होती. मी रॉक गायक नील यंगचा २००६ सालचा 'लिव्हिंग विथ वॉर' लावला.

सातवं गाणं सुरू झालं, 'लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट'. खोटं बोलून देशाला इराक युद्धात लोटलं, म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना पदावरून काढा, असं ते सरळ सांगतं. मध्ये बुश यांच्याच भाषणांचे तुकडे येतात, आधी काय बोलले आणि मग काय बोलले ते. त्या तुकड्यांवर आमचा एक मित्र उठला. कॉलेजपासून यंगचा जुना अल्बम 'हार्वेस्ट' पाठ असलेला माणूस. चपला अडकवल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेला. तर्री गॅसवर तशीच राहिली.

अमेरिकेतही हेच झालं होतं. त्याच वर्षी क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग हे जुन्या बँडमधले चौघे दौऱ्यावर निघाले. अटलांटाला हे गाणं लागलं तेव्हा अर्धे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बाकीचे हुर्यो उडवत होते, शिव्या देत बाहेर पडत होते. यंगने स्वतःच या दौऱ्यावर केलेल्या माहितीपटात ते सगळं ठेवलंय, कापलं नाही.

माझं म्हणणं असं की साठीच्या गायकाला जे खुपतंय ते त्याने गावंच. 'जुनी गाणी म्हण आणि घरी जा' असं सांगणारा चाहता गायकावर प्रेम करत नाही, स्वतःच्या विशीवर करतो. तिकीट काढलं म्हणून गाणी आपण ठरवायची? गडकरी रंगायतनला तिकीट काढून बसलो म्हणून नाटकातली वाक्यं आपण ठरवतो का?

नेरूळचा बेसवाला

दादा, गाण्याचा हक्क कोण नाकारतंय? प्रश्न गाण्याचा आहे. मी तीस वर्षं बेस गिटार वाजवतोय, मला त्या सातव्या गाण्यात गाणं सापडत नाही. चाल सरळसोट, शंभर जणांचा कोरस, वर ट्रम्पेट आणि खाली वर्तमानपत्राचा अग्रलेख. काही दिवसांत लिहून रेकॉर्ड केलेला अल्बम आहे आणि ते ऐकू येतं. बुश गेले, आता त्या गाण्याचं काय करायचं?

आपल्याकडे अण्णाभाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' लिहिलं. ऐकताना वाटतं, पोटासाठी मुंबईला आलेला गडी बायकोची आठवण काढतोय. पुढे कळतं की मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला आपला मुलूख. आजही अंगावर काटा येतो, कारण आधी ते बायकोचं गाणं आहे.

आणि श्रोत्यांचंही सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू हा आयरिश बँड आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. पहिलंच गाणं 'संडे ब्लडी संडे'. ड्रमर एकटा पुढे येऊन वाजवायला लागला आणि माझ्या पोटात गोळा आला. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या, तेरा माणसं त्याच दिवशी गेली, त्याचं ते गाणं. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं गाण्याकडे पाठ करून फोनमध्ये स्वतःलाच टिपत होती. युद्धविरोधी गाण्याने युद्ध थांबतं म्हणणाऱ्यांनी त्या रात्री माझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं.

पाचपाखाडीकर

थांबतं असं मी कुठे म्हटलं? पण नाव घेतलं की गाणं शिळं होतं, हे मला अजिबात पटत नाही. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी निदर्शनं करणाऱ्या मुलांवर गोळ्या झाडल्या. चार गेले. त्याच महिन्यात यंगने 'ओहायो' लिहून रेकॉर्ड केलं, जूनमध्ये ते बाजारात आलं. तेही घाईचंच! आणि त्यात पहिल्याच ओळीत तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष निक्सन याचं नाव आहे. निक्सन जाऊन किती वर्षं झाली, तुम्ही तरी ते वाजवायचं सोडलंत का?

नेरूळचा बेसवाला

'ओहायो' वाजवतो, कारण तो रिफ, तो पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, बोटांतून जात नाही. सातव्या गाण्यात तसा रिफ दाखवा, तेही वाजवतो.

तलावपाळी

एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटली. याच नील यंगने २००१ मध्ये, अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, 'लेट्स रोल' गायलं होतं. विमानात अपहरणकर्त्यांवर धावून गेलेल्या प्रवाशांचं, लढायला उठा म्हणणारं. ऐंशीच्या दशकात त्याने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचीही बाजू घेतली होती. कुणी म्हणेल, बेभरवशाचा माणूस. माझा मात्र त्यामुळेच २००६ च्या रागावर विश्वास बसतो. जो कधी कुणाच्या मागे गेलाच नाही त्याचा विरोध मला स्वस्त वाटतो. हा आधी गेला, मग फसवलो गेलो हे त्याला कळलं.

ऐरोलीकर

उठून गेलेला तो मीच. इथे सगळे गाण्याचा रिफ आणि निक्सन बोलताहेत, म्हणून लिहितो.

१९९९ ला, कारगिल युद्धात, माझा थोरला भाऊ द्रासला होता. आम्ही तेव्हा कळव्याला राहायचो. दोन महिने आईने टीव्ही बंद करू दिला नाही, आवाज बंद, फक्त चित्र. शेजारी फोन वाजला तरी तिच्या हातातलं लाटणं थांबायचं. भाऊ परत आला. त्याच्या तुकडीतले काही नाही आले. तो आजही त्याबद्दल बोलत नाही.

त्या गाण्यात भाषणाचे तुकडे लावून कोरस चिडवायला लागतो ना, तिथे मला बसवेना. पुढारी खोटं बोलला असेल, बोललाच असेल. पण ज्या आईचा मुलगा त्या वेळी इराकमध्ये होता, ती अटलांटाला त्या गर्दीत बसली असेल तर? माझा मुलगा तिकडे कशासाठी आहे, हे तिला स्टेडियममध्ये कोरसच्या तालावर ऐकायचं? ती शिव्या देत बाहेर पडली, तर मी तिला अडाणी म्हणणार नाही. मला नील यंगचा राग नाही. त्या चिडवण्याचा आहे.

पाचपाखाडीकर

अरे, भाऊ द्रासला होता हे तू इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीस. मला ठाऊक असतं तर आधी सांगितलं असतं की हा अल्बम असा आहे. ते माझं चुकलं.

पण तू सातव्यावर गेलास. पाचवं 'फॅमिलीज' तू ऐकलंस, ते घरी परतू पाहणाऱ्या सैनिकाचंच आहे. नववं 'रॉजर अँड आउट', मारल्या गेलेल्या दोस्ताशी बोलणारं. त्यात कुणाला चिडवणं नाही, संथ गिटार आणि म्हातारा होत चाललेला आवाज. आणि शेवटी तेच शंभर जण 'अमेरिका द ब्यूटिफुल' म्हणतात, त्यांचं देशाचं गाणं, मनापासून. सातवं पाचव्या आणि नवव्याच्या मध्ये आहे. माझ्या कानाला ते वेगळं काढता येत नाही. तिथे राग आला नसता तर नववं नुसतं रडगाणं झालं असतं.

ऐरोलीकर

नववं ऐकेन. सातव्याबद्दल माझं मत तेच राहील, हे आत्ताच सांगतो. आणि भावाला आणू का? विचारून बघतो, येईलच असं नाही.

पाचपाखाडीकर

आण. तो म्हणेल ते लावू. मिसळीला थांबा मात्र.