मळीचे इथेनॉल की पेट्रोल : एक्सर्जीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइड नगण्य कसा? मदत हवी आहे

नमस्कार,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी उसाच्या मळीपासून बनणारे इथेनॉल आणि पेट्रोल यांच्या पर्यावरणावरील भाराची तुलना करत आहे. त्यासाठी एक्सर्जी, म्हणजे भोवतालाशी समतोल साधेपर्यंत एखाद्या पदार्थातून जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकते, हे माप घेतले आहे. आकडेमोड पूर्ण झाली आहे, पण तिचा निष्कर्ष मला पटत नाही.

ही पद्धत मी विचारपूर्वक निवडली. नुसत्या ऊर्जेच्या हिशेबात १२० अंश सेल्सिअसला मिळणारी एक मेगाज्यूल उष्णता आणि एक मेगाज्यूल वीज सारखीच धरली जाते. प्रत्यक्षात भोवताल २५ अंशांवर असताना त्या उष्णतेतून फार तर २४ टक्के कार्य मिळते. आसवनीत टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ वापरली जात असेल, तर बगॅसचा (ही वाफ तयार करण्यासाठी जाळलेल्या उसाच्या चोथ्याचा) किती वाटा विजेच्या आणि किती इथेनॉलच्या नावे मांडायचा, हे एक्सर्जीनेच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

अडचण उत्सर्जनापाशी येते, कारण टाकाऊ पदार्थात उरलेली एक्सर्जी हेच मी त्याच्या हानीचे माप धरले आहे. पोलिश शास्त्रज्ञ यान शार्गुट यांनी मांडलेल्या संदर्भ-वातावरणानुसार (म्हणजे एक्सर्जी शून्य धरण्यासाठी ठरवलेल्या भोवतालानुसार) कार्बन डायऑक्साइडची रासायनिक एक्सर्जी किलोमागे जेमतेम ०.४५ मेगाज्यूल आहे. पेट्रोलच्या जागी ऑक्टेन धरले, तर एक किलो जळून ३.०९ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याची एक्सर्जी भरते १.४ मेगाज्यूल, म्हणजे ऑक्टेनच्या ४७.४ मेगाज्यूलच्या अवघी तीन टक्के. याउलट स्पेंट वॉशचा (आसवनीतून उरणाऱ्या सांडपाण्याचा) सीओडी, म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्याच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, लिटरला १०० ग्रॅम आणि सीओडीच्या दर ग्रॅमला १३.६ किलोज्यूल धरले, तर एका लिटर इथेनॉलमागच्या दहा लिटर स्पेंट वॉशमध्ये १३.६ मेगाज्यूल निघतात. त्या इथेनॉलची स्वतःची एक्सर्जी सुमारे २३ मेगाज्यूल आहे. स्पेंट वॉश ओढ्यात उतरल्यावर पाण्याचे काय होते, ते मी आमच्या गावी पाहिले आहे, त्यामुळे तो आकडा मोठा यावा हे मला रास्तच वाटते. परंतु कार्बन डायऑक्साइडचे नुकसान तो अवरक्त किरण शोषतो म्हणून होते, त्याच्याकडून कार्य करून घेता येते म्हणून नव्हे. शिवाय त्याच स्पेंट वॉशपासून बायोगॅस काढला, तर ती एक्सर्जी प्रदूषण न राहता इंधन ठरते!

तेव्हा टाकाऊ पदार्थांची एक्सर्जी हे हानीचे माप म्हणून वापरणे मुळात ग्राह्य आहे का? की एक्सर्जी केवळ संसाधनांच्या ऱ्हासासाठी ठेवून तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइड-समतुल्यात स्वतंत्र स्तंभात दाखवावा? तसे केल्यास दोन्ही स्तंभ एकत्र करण्याचा आग्रह परीक्षकांनी धरला, तर त्यांना काय उत्तर द्यावे?

हिशेबाची सीमा उसाच्या रासायनिक एक्सर्जीपासून सुरू करावी की शेतावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापासून, हेही कृपया सांगावे. सूर्यप्रकाश धरला की बाकीचे सर्व आकडे त्यापुढे दिसेनासे होतात.