लीडच्या नव्या तक्त्यात पाण्याचे गुण घटले. लातूरला हे परवडेल का?

स्थापत्य अभियंता, लातूर
हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या अमेरिकेच्या 'लीड'ची पाचवी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. एकूण गुण पूर्वीसारखेच ११०. चौथ्या आवृत्तीशी ताडून पाहिलं, तर नव्या बांधकामासाठी साहित्याचे गुण १३ वरून १८ झाले आणि पाण्याचे ११ वरून ९. सगळा भर कार्बनचं उत्सर्जन कमी करण्यावर. माझं म्हणणं एवढंच, की मराठवाड्यात हा तक्ता जशाला तसा लावू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते याच लातूरला.

गेल्या उन्हाळ्यात मानांकन मिळालेली एक इमारत बघितली. गच्चीचा पाइप शोषखड्ड्यापर्यंत नीट आणलेला, पण खड्ड्यात फरशीचे तुकडे अन् सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. शेजारी टँकरची नळी टाकीत सोडलेली. पाणी वाचवणाऱ्या नळाखाली तीन ड्रम भरून ठेवलेले.

आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगर
दादा, तुम्ही गुण मोजलेत, अटी सोडल्यात. पाणीबचतीची किमान पातळी ही अट आहे, ती गाठल्याशिवाय प्रमाणपत्रच नाही. आता त्या जागेला हवामानाचे कोणते धोके आहेत, याचा अभ्यासही सक्तीचा झालाय. लातूरच्या इमारतीला दुष्काळ टाळून तो अभ्यास लिहिताच येणार नाही.

आणि कार्बन आपल्याला परका नाही. सिमेंट, पोलाद, भट्टीची वीट हे बनवताना किती कार्बन हवेत गेला, ते मोजून दाखवणं आता बंधनकारक आहे. आपल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांना भट्टी लागतच नव्हती. मे महिन्यात स्लॅबखाली झोपणाऱ्याला त्या जाड भिंतींची किंमत कळते.

गवंडी, औसा तालुका
ताई, माळवदाचं नाव काढलं म्हणून लिहायलो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती याच घरांखाली. दगडाच्या भिंती, सांध्यात नुसता चिखल, डोक्यावर मातीचा थर. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मामाच्या घराची माती उपसताना हाताला आधी पितळी तांब्या लागला, मग मामीच्या बांगड्या. कार्बन कमी दिसावा म्हणून कोणी सळई काढायला सांगितली तर मी काम सोडून जाईन. जोत्याला, दारांच्या वर अन् छताखाली काँक्रीटचा बँड, म्हणजे सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा, पाहिजेच.

आर्किटेक्ट, छत्रपती संभाजीनगर
भाऊ, बँड काढायला मीही सांगणार नाही. दाबून केलेल्या मातीच्या विटा, कोपऱ्यात सळई, तिन्ही जागी बँड आणि वर हलकं छत, असं घर बांधता येतं. जुनं जड माळवद परत आणा, असं माझं म्हणणं नाही.

स्थापत्य अभियंता, लातूर
बँडचं पटलं. पाण्याचं नाही. दुष्काळ कागदावर लिहिल्यानं टाकी भरत नाही. खड्डा दरवर्षी पावसाळ्याआधी उपसावा लागतो, ते कोण बघणार? बोअर, नळ आणि टँकर यांचं पाणी वेगवेगळं मोजा अन् टँकर आला की गुण कापा.

सोसायटी सचिव, नांदेड
गुण कापायला माझा ठाम विरोध आहे. टँकरची नोंद मीच ठेवते. शिक्षा होणार म्हटल्यावर आमचीच माणसं वहीत कमी खेपा लिहायला लावतील, आणि आज निदान खरा आकडा आहे तोही जाईल. वेगळे मीटर मात्र हवेतच. आमच्या बोअरला मीटर नाही. मोटर किती तास चालली त्यावरून मी अंदाज लिहिते, आणि मार्चनंतर तो अंदाजही चुकतो, कारण मोटर चालते पण निम्मा वेळ हवाच ओढते.