जंतांची तोंडी लस: पोरांना पाजायची की डुकरांना?

प्रसन्न, सुदामानगर:
जंतांवर तोंडी लस यायची वेळ आली आहे. पोलिओ थेंबांनी हरवला, जंतही हरतील. मग १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळाशाळांतून गोळ्या वाटायला नकोत, अळीतून टेपवर्म मेंदूत जाईल या भीतीने इंदूरच्या चोइथराम मंडीतून आणलेली पत्तागोभी धूत बसायला नको. आणि टेपवर्म डुकरांमार्फत पसरतो म्हणून डुकरांना लशीच्या सुया टोचायचा खर्च थांबवा, तो पैसा माणसांच्या लशीत घाला.

महूकर:
प्रसन्नभाऊ, शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. पोलिओच्या थेंबात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात स्वतः वाढतो, म्हणून दोन थेंब पुरतात. टेपवर्मचं प्रथिन पाजलं तर ते वाढत नाही. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतं, उरलेलं ट्रिप्सिन संपवतं. शरीराच्या लेखी ते वरणातल्या प्रथिनासारखं अन्नच. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर शरीर त्याकडे काणाडोळा करायला शिकतं, म्हणजे लशीच्या नेमकं उलट.

आज हातात काय आहे ते बघा. मेलबर्न विद्यापीठातल्या मार्शल लाइटोलर्स यांच्या गटाने टेपवर्मच्या अंड्यातल्या गर्भाचं टीएसओएल१८ हे प्रथिन शोधलं. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ते यीस्टमध्ये तयार करून सिस्वॅक्स नावाने लस आणली. मात्रा १ मिली, मानेच्या स्नायूत. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी. एका मात्रेवर भरवसा ठेवता येत नाही, आणि गावोगावी नेमकी दुसरीच चुकते. सोबत ऑक्सफेंडाझोल हे जंतनाशक, किलोला ३० मिग्रॅ, तोंडाने. कारण मांसात आधीच बसलेल्या टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठींना लस हात लावत नाही, त्या या औषधाने मरतात. वजन नजरेने ठरवलं की मात्रा कमी पडते आणि गाठी उरतात. औषध दिलेलं डुक्कर लेबलावरचे दिवस भरल्याशिवाय कापायचं नाही. हे सगळं चालत असताना 'सुया थांबवा' म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

मुक्ता, पागनीसपागा:
महूकर, अर्धं पटलं. पण जंतांवर तोंडी लस होऊच शकत नाही असा तुमचा सूर चूक आहे. वासरांच्या फुप्फुसातल्या जंतांवरची तोंडी लस १९५९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये विक्रीला आली, ग्लासगोच्या संशोधनातून. क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या जिवंत अळ्या, एका मात्रेत १,०००, चार आठवड्यांनी पुन्हा तेवढ्याच. काश्मीरमध्ये मेंढ्यांसाठी याच धर्तीची लस आपल्याकडेच तयार झाली. अळ्या जिवंत लागतात, थंड ठेवाव्या लागतात, फार दिवस टिकत नाहीत. पण चालतात.

आता बीजाणूंकडे या. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बीजाणूच्या आवरणातल्या कॉटसी प्रथिनाला जंताचं प्रथिन जोडायचं. बीजाणू आम्लाला दाद देत नाही, ८० अंशांची उष्णता काही मिनिटं सोसतो, फ्रिज मागत नाही. कच्च्या माशातून यकृतात जाणाऱ्या क्लोनॉर्किस या जंतावर चिनी संशोधकांनी उंदरांत आणि ग्रास कार्प माशांत हेच करून पाहिलं, जंतांची संख्या घटली. मेक्सिकोत डुकरांच्या लशीचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, पपईच्या पेशींत वाढवून खाऊ घालायचा प्रयत्न झाला. दिशा चुकीची नाही.

महूकर:
मुक्ताताई, वासरांचं उदाहरण टेपवर्मला लावून दाखवा. दुबळी करायला अंडी आणणार कुठून? टीनिया सोलियमचा, म्हणजे डुकरांतल्या या टेपवर्मचा, प्रौढ जंत फक्त माणसाच्या आतड्यात वाढतो. लस बनवायला जंत पाळणारी माणसं ठेवणार का? शिवाय टीएसओएल१८ प्रथिनाच्या साखळीची घडी शाबूत असली तरच प्रतिपिंडं कामाची बनतात, आणि आम्लात पहिली मोडते ती घडीच. मेक्सिकोचे पेप्टाइड छोटे आणि सरळ, म्हणून तोंडाने द्यायचा विचार तरी करता आला. आणि 'संख्या घटली' म्हणजे काय? यकृतातले जंत निम्मे झाले तर रोग्याला फरक पडतो. टेपवर्म मुळातच एक असतो. त्याचा निम्मा होत नाही.

मुक्ता:
शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, मानते. बाकी घडीचा प्रश्न लेपाने सोडवता येतो: आम्लात टिकणारा, लहान आतड्यात विरघळणारा.

डॉ. अनघा, छावणी:
दोघांनी एक धोका सोडून दिला. माणसांत आकडेकृमीच्या एएसपी-२ या प्रथिनापासून केलेल्या लशीची ब्राझीलमधली चाचणी थांबवावी लागली, कारण ज्यांना आधी जंत होऊन गेले होते त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड, होतं आणि टोचल्यावर अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. जिथे जंत जास्त तिथेच लशीची गरज, आणि तिथेच हा धोका. आधी तपासणी न करता पोरांना पाजायच्या गोष्टी करू नका.

आणि प्रसन्न, तुमच्या पत्तागोभीमुळे मला बोलावंच लागतंय. कोबीतली हिरवी अळी म्हणजे टेपवर्म नव्हे. ती पतंगाची किंवा फुलपाखराची अळी. शिजली तर नुसतं प्रथिन, कच्ची गेली तरी मेंदूत जात नाही. मेंदूत गाठ होते ती माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांनी. डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म होतो, त्याच्या एका भरलेल्या खंडात ५०,००० पर्यंत अंडी असतात, आणि ती बाहेर पडताच लागण करू शकतात. म्हणून मांसाला कधी न शिवलेल्या घरातल्या मुलीलाही फिट येते. कोबीला दोष देऊन लोक निश्चिंत होतात आणि स्वयंपाकघरातल्या हातांकडे कुणी बघत नाही.

सुहास, रामबाग:
अनघाताई, कोबी शिजतो तरी. पोह्यावर काय पडतं? मूठभर कच्ची कोथिंबीर, कच्चा कांदा. आख्खं इंदूर सकाळी सातला ते खातं. नाल्याकाठच्या शेतातली जुडी, एकदा बादलीत बुचकळून चिरलेली. जंतांचं मूळ तिथे आहे, आणि तुम्ही प्रथिनांच्या घड्या मोजताय.

प्रसन्न:
२०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडणारं. आता कुठला नाला?

गाळवाला:
प्रक्रिया झाली म्हणजे अंडी मेली असं होत नाही, प्रसन्नजी. गोल जंताचं अंडं पाण्यापेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं. पाणी स्वच्छ होतं, अंडी गाळात जातात. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला ती भीक घालत नाहीत. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला एक अंडं. खरा प्रश्न गाळाचा आहे. तो खत म्हणून शेतात न्यायचा तर ढिगाऱ्यात ५५ अंश तापमान १५ दिवस टिकलं पाहिजे आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ झाली पाहिजे. ढीग मधे तापतो, कडेचा हातभर थर गारच राहतो. न पलटलेल्या ढिगात अंडी तिथेच जगतात, आणि मातीत पोचली की वर्षानुवर्षं टिकतात. थर्मामीटर नेहमी मधोमध खुपसतात, त्यामुळे कागदावर सगळं ठीक दिसतं. कडेला खुपसा.

सुहास:
म्हणजे माझंच खरं, भाजीच दोषी.

डॉ. अनघा:
नाही हो! गाळवाले गोल जंताबद्दल बोलताहेत. त्याचं अंडं मातीत दोन-तीन आठवडे पिकल्यावर लागण करतं. टेपवर्मचं तसं नाही, तो घरातल्या किंवा शेजारच्या वाहकाकडून, म्हणजे आतड्यात टेपवर्म असलेल्या माणसाकडून, येतो. दोन जंत एका पातेल्यात घालू नका.

कोथिंबीर धुवायचीच तर नीट धुवा. जुडी सोडा, मुळाकडचं मातीचं बोट-दोन बोटं कापून टाका, रुंद परातीत भरपूर पाण्यात पानं हलवा आणि पानं वर उचलून दुसऱ्या पाण्यात घाला. तीनदा. परात कलती करून पाणी ओतलं की तळाशी बसलेली अंडी पुन्हा पानांवर येतात, आणि बहुतेक घरांत हेच होतं. मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट यांनी अळ्या सुटतात, अंडी मरत नाहीत. ती उष्णतेनेच मरतात.

सुहास:
उचलून काढायचं पटलं. पण रोज २० किलो पोहे विकणारा तीन पाणी करणार नाही.

डॉ. अनघा:
मग त्याचे हात तरी साबणाने धुतलेले असू द्या, टेपवर्मसाठी ते कोथिंबिरीपेक्षा महत्त्वाचं आहे. वाहक सापडला तर निक्लोसमाइड हे जंतनाशक, २ ग्रॅम एकदाच. ते आतड्यातून शोषलं जात नाही. प्राझिक्वांटेल हे दुसरं जंतनाशक मात्र शोषलं जातं; ते सरसकट वाटलं आणि कुणाच्या मेंदूत लपलेली गाठ असली तर तिथे सूज येऊन फिट येऊ शकते.

मुक्ता:
मूळ प्रश्नावर येऊ का? महूकर, मोकाट डुकरं. मालक कोण ते माहीत नाही, पकडायला तीन माणसं आणि जाळं, महिन्याभराने तेच डुक्कर पुन्हा सापडणार नाही. तुमची सुई तिथे हरते.

महूकर:
हरते. हे मान्य करावं लागतं, आनंदाने करत नाही. पण आमिषातून लस दिली तर दांडगं डुक्कर पाच मात्रा खाईल आणि पिल्लांना एकही मिळणार नाही. आणि जनुक बदललेले बीजाणू लीदेतून मातीत जाणार, ते मरत नाहीत. परवानगी कोण देईल?

मुक्ता:
कोल्ह्यांच्या रेबीजला १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंड्यांतून लस टाकली, आणि नंतर पश्चिम युरोपातून तो रोग हटला. आमिषात टेट्रासायक्लिन घालत. कोल्ह्याच्या दातावर ते चमकतं, म्हणजे कुणी खाल्लं ते कळतं.

महूकर:
कोल्हा कुणी खात नाही, ताई. डुक्कर खातात. मांसात टेट्रासायक्लिनचा अंश चालणार नाही, दुसरी खूण शोधा. आणि कोल्ह्याच्या आमिषात जिवंत विषाणू होता, म्हणजे पुन्हा माझा पहिलाच मुद्दा.

मुक्ता:
खुणेचं बरोबर. लस पोचवणाऱ्या जिवंत माध्यमाचं मी सोडत नाही, बीजाणूही जिवंतच असतो.

प्रसन्न:
डुकरांच्या सुयांचं वाक्य मागे घेतो. गोळ्यांचंही. पत्तागोभी मात्र मी अजून धुणार.

डॉ. अनघा:
वरची दोन-तीन पानं काढा, चार फोडी करा, मग धुवा. आणि शिजवा.