हायरायडर की सिटी हायब्रिड: आकडे कुठून घेतले?

एकाच दहा किमीच्या ऑफिसच्या फेरीत टोयोटा हायरायडर लिटरला ३१ किमी आणि होंडा सिटी ई:एचईव्ही २५ दाखवते (दोन्ही पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असलेल्या हायब्रिड) म्हणून हायरायडर सरस, हे इथे कुणीतरी मांडलेलं गणित पटत नाही. हायरायडरची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची (किलोवॅट-तास). ती भरायला इंजिनाला साधारण पाव लिटरच्या आतबाहेर पेट्रोल लागतं. पण या आकड्यांनी दहा किमीला लागणारं पेट्रोलच अर्ध्या लिटरहून कमी! त्यामुळे फेरी भरलेल्या बॅटरीवर सुरू झाली की रिकामीवर, यावरच तो आकडा हलतो. सिटीचंही तेच. सुरुवातीला आणि शेवटी डॅशबोर्डवर बॅटरीच्या कांड्या किती होत्या हे लिहिल्याशिवाय अशा आकड्याला अर्थ नाही.

टाकी ते टाकीच मोजा (टाकी पूर्ण भरायची, गाडी चालवायची, पुन्हा पूर्ण भरताना जितके लिटर बसले त्याने किमीला भागायचं), पण नीट. एकच पंप, तोच नोझल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला (ऑटो-कट) की थांबायचं, वरून 'राउंड फिगर' करायची नाही. दहा लिटरवर मोजलं आणि भरताना ०.७ लिटर कमी बसलं, तर खरं २० चं अ‍ॅव्हरेज २१.५ दिसतं, तीच चूक ३५ लिटरवर २०.४ दाखवते. म्हणजे जितकं जास्त पेट्रोल जळल्यावर मोजाल तितकी चूक लहान; त्यासाठी टाकी तळाला न्यायची गरज नाही, दोन-तीन भरण्यांची बेरीज केली तरी चालतं. आणि शहर-हायवे वेगळं लिहा. होंडा सिटीमध्ये हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकं फिरवतं, शिवाय गाडी बुटकी, वारा कमी अडतो. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने तुलना केली तर चित्र पालटू शकतं.