रब्बी ही ज्यू धर्मपंडिताची पदवी मोठी की त्यामागची विद्या?

पारवा:
हिल्लेल आणि शम्माई या जुन्या ज्यू पंडितांच्या नावामागे 'रब्बी' लागत नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, यावने गावात पंडित जमले, आणि त्यानंतर ही पदवी रूढ झाली. माझ्या मते ती वरचा साज. माणूस जोखला जायचा तो विद्येवर. बाबिलोनियातल्या नहरदआच्या शमुएलला सेमिखा, म्हणजे गुरूने शिष्याला (मुळात डोक्यावर हात ठेवून) द्यायचा अधिकार, कधीच मिळाली नाही. पंडितांचा प्रमुख येहुदा हनासीला ती द्यायची होती, पण योग जुळला नाही, असं तालमुद हा ज्यू धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो. तरी पैशाअडक्याच्या वादात रव नावाच्या समकालीन पंडितापेक्षा शमुएलचं मत ग्राह्य, असाच दंडक पडला. आणखी काय पुरावा हवा?

खडीसाखर:
असहमत. शमुएल थोर होताच. पण दंड ठोठावायचा तर न्यायाधीशाकडे सेमिखा हवी, आणि ती इस्राएलच्या भूमीबाहेर देता येत नसे. म्हणून बाबिलोनियातल्या पंडितांची पदवी 'रव' आणि इस्राएलमधल्यांची 'रब्बी'. रोमन सम्राट हेड्रियनच्या राजवटीत सेमिखा देणाऱ्या-घेणाऱ्याला मृत्युदंड होता म्हणतात. तरी येहुदा बेन बावाने उशा आणि शफाराम या गावांच्या मधे, डोंगरात बसून पाच शिष्यांना ती दिली, शत्रू दिसताच त्यांना पळायला लावलं आणि स्वतः मारला गेला. कथा तालमुदातली आहे, शब्दशः इतिहास मानू नका. पण नुसत्या साजासाठी अशी कथा कोण जपून ठेवेल?

गल्लीबोळ:
शिक्षणाचं कोणीच बोलत नाही! पाठांतर झालं, पण पंडितांची सेवा केली नाही, तर तो अडाणीच, असं मत तालमुदात नोंदलंय. पंडित अकिवा तर गुरू येहोशुआच्या मागोमाग शौचकूपात शिरला, का तर तिथलीही रीत शिकायची होती. (गुरूची दया येते.)

पारवा:
तेच म्हणतोय. हे डोक्यावर हात ठेवून येत नाही.

खडीसाखर:
मग त्याच येहोशुआचं काय झालं पाहा. महिना ज्यावरून ठरायचा त्या चंद्रदर्शनाच्या साक्षी खोट्या आहेत, असं त्याचं मत होतं. पंडितसभेचा अध्यक्ष रब्बान गमलिएल याने त्या मान्य केल्या, आणि येहोशुआच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पुर हा प्रायश्चित्ताचा पवित्र दिवस येत होता (त्या दिवशी काठी-पैसे बाळगायला मनाई), त्याच दिवशी काठी आणि पैसे घेऊन हजर व्हायला फर्मावलं. येहोशुआ मुकाट हजर झाला.

उंबरठा:
हे सगळं पंडितांच्या आपसातलं. त्यांच्याकडे ना फौज ना कोतवाल. पहिल्या काही शतकांत सामान्य ज्यू शेतकरी त्यांना किती विचारायचा, यावर इतिहासकारांना दाट शंका आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर कित्येक पिढ्या रब्बीवाचून राहिले. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती पाळली, सुंता केली, विधींना काजी होते.

पारवा:
कोकणात तालमुदच पोचला नव्हता, ते उदाहरण इथे लागू नाही. गमलिएलबद्दल म्हणाल, तर पुढे सभेनेच त्याला पदावरून उतरवलं. दारावरचा पहारेकरी हटला आणि एवढे शिष्य आले की बाकं वाढवावी लागली.

खडीसाखर:
आणि बसवलं कोणाला? एलआजार बेन अजार्याला. विद्वान होता, पण शिवाय श्रीमंत आणि बायबलमधल्या एझ्रा या धर्मशास्त्र्याचा दहावा वंशज. अकिवाला वगळलं, कारण त्याच्यामागे घराणं नव्हतं. विद्येवर जोखायचे म्हणता ना?

पारवा:
पण साधारण २०० साली सिद्ध झालेली मिश्ना, म्हणजे तालमुदाचा मूळ गाभा, उभी आहे ती अकिवाच्याच शिष्यपरंपरेवर.

खडीसाखर:
संकलन केलं येहुदा हनासीने. गमलिएलचा सख्खा नातू.