अपडेटनंतर वायरलेस हेडफोनचा आवाज गेला? तुमचे अनुभव इथे लिहा

लॅपटॉपची सिस्टीम अपडेट होते, मशीन पुन्हा सुरू होतं आणि आदल्या दिवशीपर्यंत बिनतक्रार चालणारा ब्लूटूथ हेडफोन गप्प बसतो. कधी तो जोडलेला दिसतो पण आवाज येत नाही. कधी आवाज येतो, पण जुन्या टेलिफोनवरून कुणी बोलत असल्यासारखा. कधी मध्येच तुटतो, तर कधी ब्लूटूथचं बटणच नाहीसं झालेलं असतं. या चार तक्रारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पण शोधायला जावं तर सगळ्यांना एकच लांबलचक यादी हातात मिळते: हे बंद करा, ते काढा, सिस्टीम नव्याने टाका. माणूस घाबरून सगळंच करतो, आवाज परत येतो, पण कशाने आला ते कळत नाही. पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून हा धागा. विनंती एवढीच की उपायाच्या आधी लक्षण लिहा. काय ऐकू येत होतं, काय येत नव्हतं, कोणती सिस्टीम, लॅपटॉपला आणखी काय जोडलेलं होतं. वाचणाऱ्याला आपलं दुखणं ओळखता आलं पाहिजे.

माझ्यापासून सुरुवात करते. हेडफोन जोडलेला, त्याच्या बॅटरीचा आकडाही दिसत होता, पण आवाज अजिबात नाही. अपडेटनंतर सिस्टीमने आवाज पाठवायचं ठिकाण बदललं होतं. एचडीएमआयच्या केबलने जोडलेला मॉनिटर तिने निवडला होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की आउटपुटची यादी लगेच उघडते. तिथे हेडफोन निवडला. तरीही ब्राउझर गप्पच होता, कारण व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक अ‍ॅपचं आउटपुट वेगळं ठरवता येतं आणि ब्राउझरच्या नावापुढे मॉनिटर तसाच राहिला होता. ते बदललं आणि सगळं सुरळीत झालं. ड्रायव्हरला, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, हात लावायची गरजच पडली नाही.

*

चांगला धागा. मी ऑनलाइन शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजचा आहे.

माझं लक्षण: गाणी, व्हिडिओ उत्तम. पण तास सुरू केला की त्याच क्षणी आवाज घोगरा, सपाट, दोन्ही कानांत एकसारखा. तास संपवला की पुन्हा छान. हे ज्यांना होतंय त्यांनी हेडफोन बदलायला धावू नये, तो शाबूत आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा असतात. एकीचं नाव ए-टू-डीपी. तिच्यातून चांगला स्टिरिओ आवाज येतो, पण फक्त एका दिशेने, हेडफोनकडे. दुसरी एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री. तिच्यात बोलणं आणि ऐकणं दोन्ही चालतं, पण आवाज मोनो आणि सेकंदाला घेतलेले त्याचे नमुने, म्हणजे मोजण्या, सहसा ८ हजार किंवा १६ हजारच. सीडीवरच्या संगीतात तोच आकडा ४४,१०० असतो. हेडफोनचा माइक कुठल्याही अ‍ॅपने उघडला की लॅपटॉप पहिली वाट सोडून दुसरी धरतो.

मग अपडेटशी याचा संबंध काय? माझ्या बाबतीत एवढाच, की मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये मी आधी लॅपटॉपचा माइक निवडून ठेवला होता आणि अपडेटनंतर ती निवड 'डिफॉल्ट'वर गेली. डिफॉल्ट म्हणजे हेडफोनचा माइक. पुन्हा लॅपटॉपचाच माइक निवडला आणि मुलांचे आवाज स्वच्छ झाले. बारीक आवाजात बोलणारी मुलं घोगऱ्या आवाजात अजिबात कळत नाहीत, आणि 'पुन्हा सांग' म्हटलं की ती गप्पच होतात. म्हणून मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांना एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक 'स्टिरिओ' आणि एक 'हँड्स-फ्री'. ऐकायला स्टिरिओच निवडा. विंडोज ११ मध्ये ही दोन नावं एक झाली आहेत, तिथे माइकची निवड तपासणं हाच मार्ग. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत बोलतानाही चांगला आवाज मिळू शकतो, पण त्यासाठी लॅपटॉप, त्याचा ड्रायव्हर आणि हेडफोन या तिघांचीही तयारी लागते. लॅपटॉपच्या खोक्यावर ब्लूटूथ ५.२ लिहिलं आहे एवढ्यावर विसंबून हेडफोन घेऊ नका.

*

वरच्या ताईंशी सहमत. मॅकवरही अगदी हेच. साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुटला लॅपटॉपचा माइक ठेवा. खात्री करायची असेल तर 'ऑडिओ मिडी सेटअप' नावाचं अ‍ॅप मॅकमध्ये आधीपासूनच असतं. त्यात हेडफोनपुढचा आकडा ४४,१०० किंवा ४८,००० वरून बराच खाली आलेला दिसला, की माइक कुणीतरी उघडून ठेवला आहे असं समजा.

*

माझ्याकडे ब्लूटूथचं बटणच गेलं होतं. सेटिंगमध्ये नाही, विंडोजमधली उपकरणांची यादी असलेल्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही नाही. वायफाय मात्र चालू. लॅपटॉपमध्ये दोन्ही सहसा एकाच छोट्या कार्डावर असतात, पण ब्लूटूथ बहुधा आतल्या यूएसबीने जोडलेलं असतं. म्हणून एक चालू आणि दुसरं बेपत्ता, असं होऊ शकतं.

उपाय: पूर्ण बंद. नुसतं 'शट डाउन' पुरत नाही, कारण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर सिस्टीमचा गाभा झोपवून ठेवला जातो, खरा बंद होत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं, चार्जर काढला, काही मिनिटं तसंच ठेवलं. चालू केल्यावर बटण जागेवर होतं.

*

मी स्क्रीन पाहू शकत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वाचून दाखवतो आणि मी काम करतो. तेव्हा आवाज जाणं म्हणजे माझ्यासाठी अख्खा लॅपटॉप बंद होणं आहे. इथे लिहिलेले बहुतेक उपाय आवाज नसताना मला करताच येणार नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

पहिलं म्हणजे तारेचा साधा इअरफोन कायम जवळ ठेवतो आणि अपडेट सुरू करण्याआधीच तो लावतो. ब्लूटूथ जोडायला सिस्टीम पुरती उठावी लागते, तारेला एवढी वाट पाहावी लागत नाही. विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबलं की विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो. एनव्हीडीए गप्प आणि नॅरेटर बोलतोय, म्हणजे गडबड एनव्हीडीएच्या आउटपुटच्या निवडीत आहे, हे लगेच कळतं.

दुसरी अडचण डोळस मित्रांच्या लक्षात येणार नाही. ब्लूटूथ हेडफोन शांतता झाली की वीज वाचवायला डुलकी घेतात आणि पुढचं वाक्य सुरू होताना त्याचा पहिला तुकडा गिळतात. गाण्यात हे जाणवत नाही. पण मी फाइल बंद करतो तेव्हा 'डोन्ट सेव्ह' मधला 'डोन्ट' गेला, तर मला फक्त 'सेव्ह' ऐकू येतं आणि अर्थ उलटा होतो. एका अपडेटनंतर हे फार वाढलं होतं. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं संपल्यावरही आवाजाचं उपकरण किती वेळ जागं ठेवायचं ते ठरवता येतं. तो वेळ वाढवला आणि शब्द पूर्ण ऐकू येऊ लागले. तुमच्या घरात किंवा कामावर कुणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

*

वरचा अनुभव वाचून अपडेटआधी तारेचा इअरफोन लावायची सवय मीही करणार आहे. खूप आभार.

मी लिनक्सवर. लक्षण: हेडफोन जोडला जातो आणि लगेच सुटतो. लिनक्समध्ये आवाजाचं काम वर्षानुवर्षं पल्सऑडिओ पाहायचा, आता ते पाइपवायरकडे गेलं आहे. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने २०२१ मध्ये, ३४व्या आवृत्तीत हा बदल केला आणि उबुंटूने ऑक्टोबर २०२२ मध्ये, २२.१० या आवृत्तीत. त्यामुळे २२.०४ वरून थेट २४.०४ वर जाणाऱ्याला हा बदल एकदम सामोरा येतो. माझ्याकडे जुना पल्सऑडिओही चालू राहिला होता आणि पाइपवायरचा ब्लूटूथसाठीचा भाग वेगळा पॅकेज म्हणून बसवायचा राहून गेला होता. तो बसवला, जुना बंद केला, मग पाइपवायर आणि त्याच्या जोडण्या सांभाळणारा वायरप्लंबर या दोन्ही सेवा पुन्हा सुरू केल्या. वायरप्लंबरच्या ०.५ आवृत्तीपासून लुआ भाषेत लिहिलेल्या जुन्या सेटिंगच्या फाइली वाचल्याच जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. फाइल जागेवर असते, पण तिचा परिणाम शून्य.

*

आवाज तुटण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दर थोड्या वेळाने आवाज कुरतडल्यासारखा व्हायचा. अपडेटनंतरच सुरू झालं, तेव्हा दोष अपडेटचा असंच वाटलं. कारण निघालं बाहेरची हार्ड डिस्क. अपडेटआधी बॅकअप घेतला होता आणि डिस्क तशीच जोडलेली होती. यूएसबी ३ च्या केबल आणि उपकरणांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं होतं. डिस्क काढली आणि आवाज सलग झाला. आता ती लांब केबलने दूर ठेवतो. वायफायही २.४ वर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या, तेवढीच ब्लूटूथला मोकळी जागा.

*

ड्रायव्हरबद्दल दोन शब्द, कारण काही जणांना तिथपर्यंत जावंच लागेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या (लॅपटॉपमधल्या ब्लूटूथच्या भागाच्या) 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागच्या आवृत्तीवर जाता येतं. ते बटण फिकट असेल तर मागचा ड्रायव्हर सिस्टीमने जपलेला नाही. तेव्हा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा घ्या. 'ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं कृपया टाकू नका. मागे गेल्यावर अपडेट थोडे दिवस थांबवून ठेवा, नाहीतर नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसेल. विंडोजची अख्खी आवृत्तीच बदलली असेल, तर जुन्या आवृत्तीवर परतायला साधारणपणे १० दिवसांची मुदत असते. त्या काळात जागा मोकळी करायच्या नादात जुन्या आवृत्तीच्या फाइली पुसू नका.

*

एक प्रश्न. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. एकात हेडफोन जोडला की दुसऱ्यात जोडला जात नाही. प्रत्येक वेळी जुनी नोंद काढून नव्याने जोडावा लागतो. हे अपडेटमुळे आहे का?

*

नाही, याचा अपडेटशी संबंध नाही. जोडणी करताना लॅपटॉप आणि हेडफोन मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. हेडफोन ती अडॅप्टरच्या पत्त्याबरोबर, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाबरोबर, लक्षात ठेवतो. तुमच्या दोन्ही सिस्टीमचा अडॅप्टर एकच, म्हणून पत्ताही एकच. लिनक्समध्ये जोडलंत की नवी किल्ली तयार होते आणि विंडोजजवळची जुनी निकामी होते. आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजमधली किल्ली लिनक्सच्या ब्लूटूथच्या फाइलीत उतरवा. मग दोन्हीकडे चालेल. पण पुढे कुठल्याही एका बाजूला हेडफोन नव्याने जोडलात, तर हे पुन्हा करावं लागेल. फाइलींत हात घालायचा नसेल तर छोटा यूएसबी ब्लूटूथ अडॅप्टर घ्या आणि तो फक्त एका सिस्टीमला वापरा. त्याचा पत्ता वेगळा असतो. हेडफोनला एकापेक्षा जास्त जोडण्या लक्षात राहत असतील, तर दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे राहतील.