मदत हवी आहे : हर्णैच्या लिलावात फोटोची परवानगी कशी विचारायची?

नमस्कार मंडळी, मी दापोलीचा. गेल्या वर्षी व्हिएतनाममध्ये होई आनच्या बाजारात फोटो काढले. भाषा येत नव्हती, म्हणून आधी बाकड्यावर बसून काओ लाऊ खाल्लं. जाड शेवया, वर डुकराचं मांस, खूप हिरवा पाला. वाढणाऱ्या बाई मग आपणहून हसत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

आता हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळी लिलाव टिपायचाय, मागे सुवर्णदुर्ग. पण आपल्याच मावश्यांसमोर कॅमेरा उचलवत नाही. तिथे पाहुणा होतो, इथे ओळखीचे डोळे आहेत. बोली लागत असताना विचारलं तर त्यांचा धंदा अडतो. मग आधी विचारता की नंतर फोटो दाखवता? कोळीवाड्यातल्या कुणी सांगितलं तर फार बरं.

शिवाय खाऱ्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरतेय. हवाबंद डब्यात सिलिका जेल पुरतं का?